दोनशे अकरा ‘येतो’

माझ्या सगळ्या नोंदी ‘रुजू’कडे सोपवल्या, त्या दिवशी त्या एकूण ४१,३०६ होत्या. फोटो १७,९२०. स्वतःच स्वतःला पाठवलेले संदेश ९,११४. स्क्रीनशॉट ६,०८७, त्यांतले बावीस एकाच बसच्या वेळापत्रकाचे. विहिरीच्या काठावर उभं राहून वाऱ्यात बोललेल्या आवाजी नोंदी ४,४०२. बाबांचे आवाजी संदेश २०६. उरलेल्या ३,५७७ कशाच्या आहेत, हे मला स्वतःलाच सांगता आलं नाही.

मोजणी रुजूनेच केली. तिला सहा मिनिटं लागली.

मी हर्षा गावंडे. भूजलशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि चार वर्षांपूर्वी दहिवडीपासून नऊ किलोमीटरवरच्या एका भूजल पुनर्भरण केंद्रात निरीक्षक म्हणून लागले. केंद्र माळावर आहे. आवारात सहा क्वार्टर्स आहेत आणि त्यांतल्या दोनमध्ये माणसं राहतात. एकात मी, फाटकाजवळच्या दुसऱ्यात पहारेकरी सर्जेराव. माझ्याकडे अडतीस विहिरी आहेत. प्रत्येकीत पाण्याची पातळी कळवणारा संवेदक बसवलेला आहे, पण संवेदकावर शेवाळ चढतं, खेकडा बसतो, वायर कुरतडली जाते. म्हणून महिन्यातून एकदा कुणीतरी जाऊन दोरी सोडून पाणी मोजावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी.

चार वर्षांची मोजमापं एका अहवालात घालायची होती आणि मला माझ्याच नोंदी सापडत नव्हत्या. एक नोंद शोधायला सरासरी चार मिनिटं दहा सेकंद लागत होती. वीस नोंदींवर घड्याळ लावून मी ते मोजलं होतं. तेव्हा मी फरहीनला फोन केला.

फरहीन शेख माझी कॉलेजची मैत्रीण. ती भाषाविज्ञानाकडे वळली आणि पुण्यात रुजू बनवणाऱ्या कंपनीत मराठी विभाग सांभाळते.

“तू कप्पे करत बसलीस ना? विहिरी, पगार, घर, इतर?” ती म्हणाली.

“अकरा कप्पे केले. सगळ्यात मोठा ‘इतर’.”

“सगळ्यांचा तोच असतो. अगं, डोकं माहितीने भरत नाही. अर्धवट राहिलेल्या शब्दांनी भरतं. कुणीतरी तुला ‘देतो’ म्हणालंय, तू कुणाला तरी ‘पाठवते’ म्हणालीयस. ते मिटेपर्यंत मेंदू ते सोडत नाही. आम्ही तेवढंच शोधतो.”

“आणि प्रेमपत्रं असतील तर?”

“तुझ्याकडे? तुझ्याकडे विहिरींचे फोटो आहेत, बाई.”

तत्त्व खरंच सोपं होतं. रुजू प्रत्येक नोंद वाचते, आवाज असेल तर त्याचा मजकूर करते, आणि त्यातून तीन गोष्टी काढते: कोण, काय, केव्हा. या तिन्ही मिळून एक बांधिलकी होते. मग ती पुढच्या नोंदींत पाहते की बांधिलकी पुरी झाली का. विषय कोणता, याच्याशी तिला देणंघेणं नसतं.

यापुढचा भाग मला जास्त आवडला होता, कारण तो आमच्या संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षात होता. आजवर इतके दिवस सूर्य उगवला, तर उद्या उगवण्याची शक्यता किती? जुना नियम असा: जितक्या वेळा घडलं त्यात एक मिळवा, आणि एकूण संधींत दोन मिळवून त्याने भागा. रुजू हाच नियम माणसांना लावते. पाळलेले शब्द अधिक एक, भागिले दिलेले शब्द अधिक दोन. अगदी अनोळखी माणूस शून्य अधिक एक भागिले शून्य अधिक दोन, म्हणजे अर्ध्यावर सुरू होतो. मग त्याने शब्द पाळले की तो वर चढतो, मोडले की उतरतो. वरच्या माणसांच्या नोंदी ‘सकाळचं पान’ या एका पानावर येतात. मधल्यांचं सार येतं. ०.०५ च्या खाली गेलेल्यांचं नवं येणारं सगळं मागच्या कप्प्यात जातं.

पहिल्या महिन्यात नोंद सापडायला लागणारा वेळ अकरा सेकंदांवर आला. अहवाल मुदतीच्या नऊ दिवस आधी गेला. संचालकांनी माझा करार तीन वर्षांनी वाढवला आणि बैठकीत सगळ्यांना माझं सकाळचं पान दाखवायला सांगितलं. पानावर त्या दिवशी चार ओळी होत्या. इतकं स्वच्छ पान मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. सर्जेरावांचं गुणोत्तर ०.९७ निघालं होतं. मी त्यांना सांगितलं.

“म्हंजी पास का नापास?” त्यांनी विचारलं.

“केंद्रात पहिले.”

“मग पगारवाढीचं बी त्या यंत्रालाच सांगा की.”

पाचव्या आठवड्यात रुजूने विचारलं: मागच्या कप्प्यात २३ नोंदी आहेत, कायमच्या काढू का? मी यादी उघडली. अठरा जाहिराती होत्या. पाच बाबांचे रविवारचे संदेश होते. त्यांच्या वर एक चौकट होती:

पुरुषोत्तम गावंडे. बांधिलक्या २११. पूर्ण ०. गुणोत्तर ०.००४७. या व्यक्तीच्या येण्यावर अवलंबून योजना आखू नये.

माझे बाबा कारंज्याला एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. गाडी कधी आली, कधी सुटली, हे नोंदवण्यात त्यांची तेहतीस वर्षं गेली. आई गेल्यापासून ते घरी एकटेच असतात. केंद्रात रेंज धड नसते, म्हणून ते फोन करत नाहीत. दर रविवारी सकाळी एक आवाजी संदेश पाठवतात आणि त्याचा शेवट कायम एकाच शब्दांनी करतात: “बरं, येतो मंग.”

आमच्या घरात कुणी निघताना ‘जातो’ म्हणत नाही. लहानपणी मी एकदा शाळेला निघताना ‘जाते’ म्हणाले, तर आईने दारातून मागे बोलावलं, हातावर साखर ठेवली आणि ‘येते’ म्हणून घेतल्यावरच सोडलं. ‘येतो’ म्हणजे संपलं, आता निघतो. रुजूने ते शब्दशः घेतलं होतं. पुरुषोत्तम गावंडे येतो म्हणाले, आले नाहीत. पुढच्या रविवारी पुन्हा म्हणाले, पुन्हा आले नाहीत. असं दोनशे अकरा वेळा.

मला हसू आलं. मग मी ते पाच संदेश ऐकले.

पहिल्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरल्याचं होतं. दुसऱ्यात डॉक्टरांनी मंगळवार किंवा शुक्रवार दिला होता, तुला कोणता जमेल? तिसऱ्यात तोच प्रश्न होता. चौथ्यात त्यांनी शुक्रवार घेतल्याचं सांगितलं होतं. पाचव्यात पट्टी निघाली होती.

मी गच्चीवर गेले. आवारात रेंज तिथेच येते.

“बाबा, ऑपरेशन झालं?”

“झालं ना. बोबडे होता संग. लय बडबड करते तो, डॉक्टरनं त्याले भायेर बसवलं.” बोबडे आमचे शेजारी.

“मला कळलंच नाही.”

“सांगतलं होतं. तू कामात असशीन.”

मी त्यांना यंत्राची चूक समजावून सांगितली. ते मोठ्याने हसले.

“दोनशे अकरा फेऱ्या, अन् एकबी गाडी पोचली नाई? डिपोत असतो तं मेमो भेटला असता मले.”

“यंत्राला कळत नाही, बाबा.”

“मंग खोटं काय सांगतलं त्यानं?” ते म्हणाले आणि पुन्हा हसले. “बरं, येतो मंग.”

फरहीनला हा प्रकार नवा नव्हता. “तू एकटी नाहीस. ‘येतो’, ‘पाहू’, ‘सांगते’, ‘एकदा जेवायला या’. मराठी माणसाच्या गुणोत्तराची पार वाट लागलीय. मला चांगली उदाहरणं हवीयत. तुझी देतेस?”

तिचा नियम असा होता: बोलणं ‘येतो’ किंवा ‘येते’ने संपत असेल, जोडीला ‘मग’, ‘मंग’, ‘हं’ किंवा ‘बरं’ असेल आणि त्याच वाक्यात वार किंवा वेळ नसेल, तर तो निरोप समजायचा. बांधिलकी समजायची नाही. मजकुरातून वगळायचा. तिने मला दोनशे अकरा संदेशांचा मजकूर पाठवला. मी प्रत्येकासमोर ‘निरोप’ अशी खूण करायची होती. एकोणीस मिनिटांत माझं काम झालं. एका खुणेला साडेपाच सेकंदही पडले नाहीत. आवाज ऐकायची गरज नव्हती, मजकूर समोर होता.

पुढच्या आठवड्यात नियम सगळ्यांना लागू झाला. रुजू वापरणारे मराठी लोक तेव्हा एकोणीस लाख होते. खोट्या बांधिलक्या एकतीस टक्क्यांनी घटल्या, म्हणून फरहीनला कंपनीने कुंडीतलं एक झाड दिलं.

बाबांच्या दोनशे अकरा बांधिलक्या रद्द झाल्या. पाळलेले शब्द शून्य, दिलेले शब्द शून्य. त्यांचं गुणोत्तर पुन्हा अर्धं झालं, आणि मागच्या कप्प्यातून ते मधल्या लोकांत आले. त्यांच्या संदेशाचं सार रविवारी सकाळच्या पानावर दिसू लागलं. मी ठरवलं होतं की सार आलं तरी मूळ आवाज ऐकायचाच. दोन रविवार ऐकला.

ऑक्टोबरात पावसाळ्यानंतरची मोजणी असते. वर्षातली सगळ्यात महत्त्वाची फेरी. दहा दिवसांत अडतीस विहिरी कराव्या लागतात, कारण पाणी रोज उतरत असतं. त्या रविवारी पानावर हे सार होतं:

बाबा. डोळा बरा. प्रवासास परवानगी. पाणी मोजण्याच्या पद्धतीबद्दल कुतूहल. शेजारी बोबडे मंगळवारी पुण्यास जाणार, सोबत आहे.

बोबड्यांना कुणाची तरी सोबत आहे, असं मी वाचलं. ‘छान’ असं उत्तर पाठवून मी जीपमध्ये बसले.

बुधवारी मी बारा विहिरी केल्या. फेरीवर असताना मी रुजूची ‘काम’ ही अवस्था लावते. तिच्यात ज्यांचं गुणोत्तर ०.६ च्या वर आहे, त्यांचाच फोन वाजतो. दिवसभर एकही वाजला नाही. एकविसाव्या विहिरीत पाणी गेल्या वर्षीपेक्षा एक मीटर चाळीस सेंटीमीटर वर होतं. ते मला कुणाला तरी सांगावंसं वाटलं. मी ते फोनमध्ये बोलून ठेवलं.

पाच वाजून वीस मिनिटांनी परतले, तेव्हा सर्जेराव खुर्चीवरून उठले.

“म्याडम, पावणं आलं व्हतं.”

“कोण?”

“तुमचं वडील.”

त्यांनी नोंदवही पुढे केली. ती कागदाची आहे. तिच्यात पाच रकाने आहेत: नाव, कोणाकडे, काम, आत, बाहेर. अक्षर मी ओळखलं. तिरकं आणि बारीक, गाडीच्या नंबरांच्या सवयीचं. पु. ना. गावंडे. हर्षा गावंडे, निरीक्षक. ‘काम’च्या रकान्यात ‘पाणी पाहणे’. आत ११.१०. बाहेर १५.४०.

“मला फोन का नाही केला?”

“करत हुतो की. त्यांनीच हात धरला. म्हणलं, कामात असंल, नका बोलवू. आदुगर त्यांनी सोता दोनदा लावला, लागला न्हाई. पास नव्हता म्हणून आत सोडता आलं न्हाई, नियम हाय. हितंच खुर्ची दिली. माझ्या डब्यातली भाकरी खाल्ली. मी म्हणलं, आता काय म्याडम येत न्हाईत वाटतं. तर म्हणलं, गाडी लेट हाय, रद्द न्हाई.” सर्जेरावांनी वही मिटली. “पुण्यातनं रातच्या गाडीचं तिकीट व्हतं त्यांचं. सोबतीला कुणी बोबडे का कोण. न्हाईतर बसलं असतं अजून.”

टेबलाखालून त्यांनी टॉवेलात गुंडाळलेली एक काचेची बरणी काढून दिली. लिंबाचं लोणचं होतं.

गच्चीवर जाऊन मी फोन लावला. पलीकडे इंजिनाचा आवाज नव्हता, विजेवरच्या गाडीची बारीक शीळ होती. ते फलटणच्या थोडे अलीकडे होते.

“काऊन गं, जेवली काय?”

“बाबा, तुम्ही कळवलं का नाही?”

“कळवलं होतं ना. रविवारी. बोबडे चालला, सोबत हाये, येतो मनून.”

“तुम्ही दर वेळी येतो म्हणता.”



“हो,” ते म्हणाले. “तेबी खरं हाये.”

“परत या. फलटणला उतरा, मी जीप घेऊन येते.”

“बोबडेले एकट्यानं गाडीत झोप नाई लागत.” मग ते म्हणाले, “पाणी कसं हाये यंदा?”

“एकविसाव्या विहिरीत एक मीटर चाळीस वर.”

“लय झालं. बरं. ठेवतो.”

मी फोन कानाला तसाच धरून होते. त्यांनी आणखी काही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी फरहीनला नियम मागे घ्यायला सांगितलं.

“का? तुझ्या एका केससाठी? एकतीस टक्के घट आहे, हर्षा.”

“त्या एकतीस टक्क्यांत किती खरे ‘येतो’ होते?”

“ते कसं कळणार? मजकूर सारखाच आहे.”

“आवाज?”

“मूळ आवाज तीस दिवसांनी पुसतो आपण. जागा लागते. लोकांनी मान्य केलेलं असतं, तूही केलंयस.” मग हळू म्हणाली, “माझ्या घरी सगळ्यांच्या फोनमध्ये आहे रुजू. मीच टाकून दिलंय.”

माझ्याकडे आवाज होता. रुजूला नोंदी देण्याआधी मी सगळ्याची एक प्रत डिस्कवर ठेवली होती. त्यामागे काही विचार नव्हता. प्रयोगशाळेत कच्चा नमुना फेकायचा नाही, ही सवय. नंतरचे संदेश अजून तीस दिवसांच्या आत होते किंवा फोनवर होते.

त्या आठवड्यात मी रोज सकाळी कामाआधी दोन तास बसून बाबांचे सगळे संदेश ऐकले. ऐकताना मोजलं. ध्वनीचा आलेख पडद्यावर काढला की शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, ते दिसतं. ‘येतो’ या शब्दाची लांबी आणि त्याआधीचा विराम अशी दोन मापं मी घेतली. निरोपाचा ‘येतो’ सरासरी ०.३१ सेकंदाचा होता. त्याआधीचा विराम ०.२ सेकंद. जीभ सवयीने घसरत जाते, तसा. ऑक्टोबरातल्या त्या रविवारचा ‘येतो’ ०.६६ सेकंदाचा होता. त्याआधी ते १.४ सेकंद थांबले होते.

मजकुरात दोन्ही ‘येतो’ सारखेच लिहिले जातात.

मग मी जुन्या दोनशे अकरांचा आलेख काढला. दोनशे चार ठिपके एका गठ्ठ्यात पडले. सात त्या गठ्ठ्याच्या बाहेर होते, ०.५८ ते ०.७० सेकंदांच्या मध्ये. त्या सातांसमोर मी स्वतः ‘निरोप’ अशी खूण केली होती.

पहिला, मी नोकरीला लागल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यातला. “तुह्या तिथं गरमी असंल. पंखा हाये काय? नसंल तं आपला टेबलफॅन पडेल हाये घरी. बरं, येतो मंग.” मी उत्तर लिहिलं होतं, ‘पंखा आहे’.

तिसरा, निवृत्तीनंतरचा. “आता पास भेटला. बसलो गाडीत का निंगालो. बरं, येतो मंग.” मी लिहिलं होतं, ‘अभिनंदन बाबा’.

पाचवा, दोन वर्षांपूर्वीचा. “लोणचं केलं तुह्या आईसारखं. कुरियरवाला काचीची बरनी घेत नाई. बरं, येतो मंग.” मी लिहिलं होतं, ‘इथे विकत मिळतं’.

उरलेले चारही असेच होते. चार वर्षांत मी दिवाळीला आणि मे महिन्यात कारंज्याला जात आले होते. त्यांना ‘या’ असं मी कधी म्हटलं होतं का, ते रुजूत शोधलं. उत्तर यायला अकरा सेकंद लागले. नोंद आढळली नाही.

नोव्हेंबरात दोन दिवसांची रजा काढून मी कारंज्याला गेले. बाबांनी वरणफळं केली होती. नव्या डोळ्याने ते वर्तमानपत्र लांब धरून वाचत होते आणि मध्येच कुठल्या तरी बातमीतलं गाव ऐकवत होते, तिथून डिपो किती किलोमीटर ते सांगत होते. मी लोणचं चांगलं झाल्याचं सांगितलं. ते म्हणाले, मीठ कमी पडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फोन काढला.

“बाबा, तुम्ही सात वेळा खरंच येणार होता का?”

“कोन्त्या सात?”

मी पहिला संदेश लावला. चार वर्षांपूर्वीचा त्यांचा स्वतःचा आवाज त्यांनी मान खाली घालून ऐकला. पंखा हाये काय? नसंल तं आपला टेबलफॅन पडेल हाये घरी. मग विराम. मग ‘येतो’.

त्यांनी चष्मा काढून पुसला.

“टेबलफॅन मी बोबडेले देल्ला,” ते म्हणाले.

बाकीचे सहा मी लावले नाहीत.

ते उठून चहा ठेवायला गेले तेव्हा टेबलावर त्यांची खिशातली छोटी डायरी होती. नोकरीत होते तेव्हापासून ते अशीच वापरतात, डावीकडे सुटण्याची वेळ, उजवीकडे पोचण्याची, शेवटी शेरा. ऑक्टोबरातल्या त्या बुधवारची ओळ होती. कारंजा मंगळवार १७.३०. पुणे ५.५०. दहिवडी १०.३०. केंद्र ११.१०. शेऱ्याच्या जागी एकच शब्द होता: लेट.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते मला सोडायला स्टँडवर आले. जुन्या खिडकीशी आता कुणी बसत नाही, गाड्यांच्या वेळा पडद्यावर आपोआप उमटतात. तरी माझी गाडी लागल्यावर त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाले, “चार मिन्टं.” मी पिशवी वर ठेवली आणि खिडकीत आले.

“येते, बाबा.”

ते खाली उभे होते. त्यांनी मान वर केली.

“कवा?” त्यांनी विचारलं.

हा प्रश्न आमच्या घरात कधी कुणी ‘येते’वर विचारला नव्हता. मला तारीख शोधावी लागली.

“पंधरा डिसेंबरला. सकाळच्या गाडीने.”

त्यांनी खिशातून डायरी काढली, पेनाचं टोपण दातांत धरलं आणि लिहून घेतलं. गाडी हलली तेव्हा ते अजून लिहीत होते.

केंद्रात परतल्यावर मी रुजूमध्ये माझ्यापुरता ‘येतो’ या शब्दासमोरचा वर्ग पुसला. रुजू विचारते, निरोप की बांधिलकी? मी चौकट रिकामी ठेवली आहे. त्यामुळे दर सोमवारी सकाळच्या पानावर एक जादा ओळ येते: एक शब्द अनिर्णित. फरहीनने आवाज तीस दिवसांऐवजी वर्षभर ठेवण्याचा प्रस्ताव दिला. तो विचाराधीन आहे. सर्जेरावांकडे मी पु. ना. गावंडे या नावाचा कायमचा पास करून ठेवला आहे आणि क्वार्टरमध्ये दुसरी खाट आणली आहे. बाबांना मी आवाजी संदेश पाठवला, दोन्ही गोष्टी सांगितल्या आणि शेवटी ‘या’ असं म्हटलं. पंधरा डिसेंबरला मी गेले. गाडी सात मिनिटं लवकर पोचली.

ऑक्टोबरातल्या त्या बुधवारनंतर मार्चअखेरपर्यंत बाबांचे एकूण २५ संदेश आले. सगळे मी पूर्ण ऐकले. शेवटचा शब्द ‘ठेवतो’: २४. शेवटचा शब्द ‘येतो’: १, मार्चच्या शेवटच्या रविवारी. त्याआधीचा विराम १.५ सेकंद. शब्दाची लांबी ०.६८ सेकंद.